काकांनी सायकलला लावलेला काटा

भाजी घ्यायला गेले तरी काका आधी भाजीकडे बघत नसत. काट्यावरचं रिकामं ताट उचलत, परत ठेवत आणि आकडा स्थिर होईपर्यंत तसेच उभे राहत. मागची बाई कुरकुरली तर म्हणत, "थांब ना बाई. पह्यले शून्य पाहू दे." भाजीवाले तोंडावर हसत आणि पाठीमागे शिव्या घालत, पण काटा बिघडला की त्यांच्याकडेच धावत येत.

देवळीला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला लागून काकांचं काटे दुरुस्तीचं दुकान होतं. आडते, किराणावाले, सोनार, सगळ्यांचे काटे तेच खरे करून देत. साठीला टेकलेले, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. मला 'पोरी' म्हणत आणि मी केलेला चहा गोड नसतो म्हणून रोज भांडत.

सायकलचं त्यांना भारी वेड. गावातले दहा-बारा जण रोज सकाळी वर्ध्याच्या रस्त्यानं सायकली हाणत जातात आणि परतले की आमच्या दुकानांसमोरच्या टपरीवर चहा घेतात. बाकीच्यांच्या सायकली महागाच्या, काकांची जुनी लोखंडी. तरी कितीतरी वर्षं वाऱ्याला तोंड देत सगळ्यांच्या पुढे तेच असायचे. गेल्या हिवाळ्यापासून मात्र मागे राहू लागले.

या मंडळींचे पुढारी एक डॉक्टर. नाव सांगत नाही. सांगावंसं फार वाटतं. एका सकाळी भरल्या टपरीत ते म्हणाले, "काका, वारा आम्ही अंगावर घ्यायचा अन् तुम्ही आमच्या चाकामागं लपून फुकट यायचं? ही तर काटामारी झाली!"

सगळे खो खो हसले. पुढच्या सायकलच्या आड राहिलं की वारा लागत नाही, कष्ट वाचतात, हे खरं. पण काटामारी? सांगा बरं, ज्यानं जन्मभर दुसऱ्यांचे काटे खरे केले त्या माणसाला हा शब्द? मला तर तिथल्या तिथे उकळता चहा त्या डॉक्टरवर ओतावासा वाटला.

काका कप ठेवून माझ्या दुकानात आले आणि धपकन खुर्चीत बसले. धाप लागली होती. मला वाटलं, रागानं.

"पोरी, मले चोर म्हनते थो! सोडत नाई मी त्याले. भांडन नाई करत. मोजून दाखवतो."

सायकल चालवणारा पायानं किती जोर लावतो हे दाखवणारं एक यंत्र मिळतं. डॉक्टरच्या सायकलला ते परदेशी होतं. काका म्हणाले, "त्यात काय मोठं? जोर देल्ला का पायडलचा दांडा केसाएवढा वाकते. काट्यातबी तेच होते. आपन घरीच बनवू."

आणि आम्ही बनवलं. पॉलिश पेपरनं दांडा घासला, स्पिरिटनं पुसला. वाकणं ओळखणाऱ्या नखाएवढ्या पातळ पट्ट्या त्यावर चिकटवल्या. काट्यातलंच एक छोटं सर्किट, पार्सलनं मागवलेला अंगठ्याएवढा कंट्रोलर, फेरे मोजायला एक चुंबक आणि त्याचा सेन्सर, माझ्या भंगारातली मोबाईलची बॅटरी. काकांना बारीक दिसत नसे, म्हणून केसासारख्या तारा मी भिंगाखाली सोल्डर करायची आणि ते डोक्यावर उभे. "हळू ना वं! म्हशीले दावं बांधून राह्यली का?"

शेवटी शिक्का मारलेलं वीस किलोचं वजन पायडलला टांगलं. माझ्या मोबाईलवर आकडा आला, बरोब्बर वीस. काकांनी टाळीच वाजवली.

"आता दोन महिने आकडे जमवतो. मंग कागद छापून चारचौघात त्याच्या तोंडावर मारतो. पाहाजो तू!"

पहिला आठवडा झकास गेला. मग आकडे उतरायला लागले. रस्ता तोच, सायकल तीच, आणि जोर दर आठवड्याला आधीपेक्षा कमी. काका भडकले. स्वतःवर नाही, काट्यावर. "खोटं बोलून राह्यला हा!" वजन टांगलं: वीस. तरी विश्वास नाही. पट्ट्या खरवडून नव्या चिकटवल्या, तारा बदलल्या, उन्हाचा दोष म्हणून वरून रबर गुंडाळलं. पुन्हा वजन: वीस. आकडे उतरतेच. जन्मभराचा त्यांचा अनुभव असा की आकडा चुकला म्हणजे बिघाड काट्यात. ताटात ठेवलेलं वजनच घटत चाललंय, असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आणि मी? माझ्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना ते दाराला धरून थांबत, हे मला दिसत होतं. तरी मी म्हणत होते, "काका, गोंदच धरत नाही." डॉक्टरची येते तितकीच चीड मला माझीही येते.

"काटा खरा झाला का कागद काढू," असं म्हणत दोन महिन्यांचे तीन झाले. मग एका सकाळी सगळ्या सायकली टपरीवर आल्या, काकांची आली नाही. बूट घालायला ते ओट्यावर बसले आणि काकू चहा घेऊन बाहेर येईपर्यंत संपलं होतं. हृदय बंद पडलं म्हणाले.

तेरवी झाल्यावर काकूंनी ती सायकल माझ्याकडे आणून ठेवली. मी वजन टांगून पाहिलं. वीसच. मग बसून तीन महिन्यांचे सगळे आकडे मोबाईलमधून काढले आणि कागदावर छापले.

दुसऱ्या सकाळी रस्ता ओलांडून टपरीवर गेले. "डॉक्टरसाहेब, काकांना हा कागद तुम्हाला द्यायचा होता."

"अरे वा, जोर मोजायचं यंत्र बनवलं म्हणजे काकांनी!" त्यांनी हसत कागद घेतला. बोट आकड्यांवरून खाली सरकत गेलं तसं हसू गेलं. शेवटी डॉक्टरच ते.

"दर आठवड्याला असं उतरत होतं? अहो, मग त्यांना माझ्याकडे आणायचं ना! तीन महिन्यांपूर्वीच आणायला पाहिजे होतं."

"आणलं कशाला पाहिजे?" मी म्हटलं. "रोज सकाळी स्वतःच यायचे. तुमच्याच मागं."

डॉक्टर कागदाची घडी करून खिशात घालू लागले.

"घाला," मी म्हटलं. "माझ्याकडं अजून दहा आहेत." आणि त्या दिवशी जे जे हसले होते, त्यांच्या हातात एकेक देत गेले.

त्या दुपारी मी पोटभर जेवले. काका गेल्यापासून पहिल्यांदा.