तलावातल्या दोन बांद्या

आमच्या पार्टीला लोक 'तलाववाले' म्हणून हसायचे. हसू दे. सात-आठ माणसांची पार्टी, पण भाषा चार. गोंदियात आम्ही हिंदीत भांडायचो, खेड्यात झाडीबोलीत, माझ्या घरी पोवारीत. आणि अर्जुनी मोरगावकडची आमची एक बाई गोंडीत असं काही ठणकावायची, की न कळणारेही माना डोलवायचे. मागणी मात्र एकच: जुन्या तलावांच्या पोटातलं अतिक्रमण काढा. पत्रकातलं ते पहिलं वाक्य मीच लिहिलं होतं.

पंचायत समितीच्या निवडणुकीला पार्टीने मला उभं केलं. भर उन्हाळ्यात, आमच्याच गावच्या बाजारात मी भाषण करत होते. त्या वाक्यापाशी आले आणि आमच्या तलावात मासे धरणारा एक म्हातारा उभा राहिला.

"काऊन बाई, तलावातल्या तुह्या बांद्यायचं का?"

बाजार हसला. सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी तलावात मातीचा धुरा, म्हणजे बांध घालून धानाच्या दोन बांद्या, दोन खाचरं काढली होती. लग्न होऊन आल्यापासून तिथे दरवर्षी मी रोवणी केलेली. शपथेवर सांगते, वाक्य लिहिताना त्या मनात आल्याच नाहीत. अतिक्रमण दुसऱ्याचं असतं. आपली असते ती वहिवाट. म्हाताऱ्याचा राग आला, त्याहून जास्त माझा मला आला.

"उद्या सकाळी तलावावर या," मी माईकवरून म्हटलं. "सारेच पाहाले या."

घरी नवऱ्याने समजावलं, की वोटही जातील आणि धानही, मग खायचं काय? त्या बांद्यांवर आमचे चार महिने निघायचे. त्याचं काही चुकत नव्हतं. तरी सकाळी मी कुदळ घेऊन निघाले. हात लावायला कोणी आलं नाही, बघायला मात्र अर्धा गाव तलावाच्या पाळीवर बसला होता. "वोट के लिए नौटंकी है," कोणीतरी म्हणालं. मी धुरा खोदत राहिले. दुपारी नवरा आला आणि पलीकडून खोदू लागला.

निवडणुकीत मी सपाटून पडले. पावसाळ्यात दोन्ही बांद्यांत तलावाचं पाणी भरलं, रोवणी झाली नाही, आणि त्या वर्षी जन्मात पहिल्यांदा आम्ही तांदूळ विकत आणला. जिवाला लागलं ते, खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर म्हातारा पाळीवर भेटला. "वोट तं तुले नाही देलो मी," तो म्हणाला. "पण जाळं तुह्या बांदीत टाकून राहिलो."

"माही बांदी कायची बाबा? तलाव होय तो."

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. आमच्या तलावात सगळ्यात लांब धुरा सरपंचांचा आहे, हे गावाला ठाऊक आहे.

"सरपंचसाहेब," मी विचारलं, "तलावातल्या तुमच्या बांद्यायचं का?"

कोणी हसलं नाही. सरपंच कागद चाळू लागले. तेवढ्यात मागून म्हातारा ओरडला, "सांगा नं जी!"