आत्याबाईंचा पितळी मोर

आत्याबाई आमच्या मोटारीत आयुष्यात एकदाच बसल्या. नंतर कुणी कितीही आग्रह केला तरी त्या बैलगाडीनं जायच्या, नाहीतर चालत. पण सकाळी आंघोळ झाली की आधी त्या मोटारीपाशी यायच्या आणि बॉनेटच्या टोकावरचा मुठीएवढा पितळी मोर चिंचेच्या कोळानं घासायच्या. बाकीची मोटार चिखलानं माखलेली असो की टपावर कोंबड्या बसलेल्या असोत, त्यांना त्याचं काही नव्हतं. मोर लखलखला की त्या चिंचेची वाटी उचलून आत यायच्या आणि चुलीला लागायच्या.

त्या माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण. सालेकशाच्या जंगलाला लागून आमची लहानशी जमीनदारी होती, आणि स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी नागपूरहून लग्न होऊन त्या घरात आले. सासूबाई आधीच वारल्या होत्या, त्यामुळे घर आत्याबाईंच्या हातात होतं. माझं बोलणं फटाफट, काम फटाफट, आणि राग तर त्याहून फटाफट. आत्याबाईंचं सगळं संथ. प्यायला पाणी मागितलं तर आधी तांब्या विसळतील, मग पुसतील, मग भरतील. मी चिडून म्हणायची, "आत्याबाई, माणूस तहानेनं मरेल हो!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "कोन्ती गाडी सुटून राहिली व तुही, सूनबाई?"

एकदा मी त्यांना मोरावरूनही बोलले. चिंचेचं पाणी ओघळून ओघळून मोराभोवतीचा हिरवा रंग पार विटला होता. मी म्हटलं, "एक मोर चमकवायला सगळी गाडी कशाला खराब करता?" त्या घासायच्या थांबल्या. मला वाटलं, आता रागावणार. पण त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

आत्याबाईंना सौंदडला दिलं होतं. पटकीच्या साथीत त्यांचे यजमान गेले आणि पाठोपाठ पाळण्यातला मुलगाही गेला. मामंजींनी तेव्हा नुकतीच मोटार घेतली होती. ती घेऊन ते बहिणीला आणायला गेले. निघताना आत्याबाईंनी त्या घरातलं काही घेतलं नाही. पाळण्याच्या साखळीचा पितळी मोर तेवढा हिसडून काढला आणि मुठीत धरून गाडीत बसल्या. माहेरी आल्यावर मूठ उघडेनात आणि तोंडात घास घेईनात. मामंजी काही गोड बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांना सुचलं ते त्यांनी केलं. लाखेच्या बांगड्या करणाऱ्याला बोलावलं, नव्या गाडीला भोक नको म्हणून तो मोर बॉनेटवर लाखेनं बसवून घेतला, आणि म्हणाले, "बाई, तुहा मोर आता आपल्या साऱ्याच्या पुढं चालन. उठ, जेव."

"अन् मी जेवली," आत्याबाई म्हणाल्या. मी त्यानंतर चिंचेवरून त्यांना कधी बोलले नाही. उलट कधीकधी कोळ मीच करून द्यायची.

लोकांना यातलं काय ठाऊक? त्यांना वाटलं, मोर म्हणजे जमीनदाराची निशाणी. कचारगडच्या यात्रेच्या वेळी रस्त्यात गर्दी असली तरी मोरवाली गाडी दिसली की माणसं बाजूला होत, काही जण हात जोडत. मामंजींना ते आवडायला लागलं. कुणाला नाही आवडत? पुढं त्यांनी फाटकावरही तसाच मोर रंगवून घेतला. असं करता करता तो मोर कुठून आला हे ते स्वतःच विसरले. मला हे खरं वाटत नव्हतं, पण माणूस विसरतो, आणि घरातलं तर आधी विसरतो.

मग जमीनदारी गेली. कागद आले, कचेरीतली माणसं आली, आणि एके दिवशी सालेकशाच्या बाजारात मोटार थांबली असताना कुणीतरी गर्दीतून ओरडलं, "जमीनदारी गेली रे, मोर राह्यला!" सगळा बाजार हसला. मामंजींनी गाडी तिथूनच घरी वळवली. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या मोरावर चुना फासला गेला. गोंदियाला एक डॉक्टरीणबाई होत्या, बाळंतपणासाठी खेड्यापाड्यांतून बैलगाडीनं हिंडायच्या. मोटार त्यांना देऊन टाकायची असं मामंजींनी ठरवलं. चांगलंच ठरवलं. पण गाडी देण्याआधी म्हणाले, "ते निशाणी उपटून टाका. मले डोळ्यासमोर नोको."

गोंदियाहून मिस्त्री आला. त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला आणि मोराच्या पायाशी छिन्नी लावून बघितली. "दो मिनट का काम है, मालिक. मोर टूटे तो टूटे. थोड़ा रंग उखड़ेगा, वो मैं मार दूँगा."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. हातात चिंचेची वाटी तशीच. तोंडाचा रंग उडालेला. भावाच्या घरात इतकी वर्षं काढली, पण त्यांनी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि आताही त्या मागणार नव्हत्या. मला सातवा महिना होता. डोक्यावर पदर घेऊन सासऱ्यांसमोर मान वर न करण्याचे ते दिवस. पण हातोडा वर गेलेला पाहिला आणि माझा ताबा सुटला. मी ओरडले, "मामंजी, थांबवा त्याला! ती तुमची निशाणी नाही. तुमच्या भाच्याच्या पाळण्याचा मोर आहे तो!"

मिस्त्रीचा हात तसाच वर राहिला. मामंजी आधी माझ्याकडे रागानं पाहत होते. मग मोराकडे पाहिलं, मग बहिणीकडे. हळूहळू त्यांना आठवत गेलं, ते आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते गाडीच्या पायरीवर मटकन बसले. "बाई," ते म्हणाले, "तू बोलली काऊन नाही?"

"गाडी तुही होये दादा. तू देऊन राहिला, मी कायले आडवी येऊ?" आत्याबाई पुढं आल्या. "पन छिन्नी नोको लावू. मोर बी वाचला पाह्यजे अन् रंग बी. दुसऱ्याच्या दारी जखमी गाडी नोको धाडू. आंदीच मीनं तिचा लय रंग खाल्ला."

मग त्या कामाला लागल्या. काय सांगू त्यांची ती रीत! मिस्त्री म्हणत होता, गाडी उन्हात ठेवा, लाख थोडी नरम पडेल, मग हिसका देऊ. त्यांनी गाडी सावलीत ढकलायला लावली. म्हणाल्या, पत्रा तापला तर रंगही नरम पडतो. कढत पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून, ते फक्त मोराला गुंडाळलं. बाळंतिणीची कंबर शेकावी तसा त्या मोराला शेक देत राहिल्या. आतून आपलं सोवळ्याचं कोशाच्या रेशमाचं लुगडं आणलं, त्याच्या पदरातून धागे ओढले, त्यांना पीळ दिला आणि मोहाच्या बियांचं तेल लावून दोरा गुळगुळीत केला. तो मोराच्या पायाखाली, लाखेत अलगद सरकवला आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे ओढू लागल्या. लाख गार झाली की दोरा थांबे. पुन्हा शेक, पुन्हा दोरा.

माझा जीव वर-खाली होत होता. "निम्मा सुटलाय आत्याबाई, आता उचला ना एकदाचा!"

"वढला तर रंग संगं येईन," त्या मान वर न करता म्हणाल्या. "त्यानं सोडलं मंग आपुन घेवाचं."

मिस्त्रीनं कधी छिन्नी पिशवीत टाकली मला कळलं नाही. थोड्या वेळानं पाहते तर दोऱ्याचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं आणि तो आत्याबाईंच्या लयीनं ओढत होता. उन्हं कलली तेव्हा मोर अख्खा आत्याबाईंच्या तळहातावर उतरला. पत्र्यावर राहिलेली लाख त्यांनी कोमट तेल लावून अंगठ्याच्या पेरानं चोळत चोळत काढली. नख लागू नये म्हणून नखं आधीच कापून आल्या होत्या.

लाख निघाली आणि खाली पानाच्या विड्याएवढा गर्द हिरवा रंग दिसला. ऊन नाही, चिंच नाही, काही न लागलेला. मामंजींनी त्यावर बोट फिरवलं. "गाडी आणली तवा असा रंग होता बाई," ते म्हणाले, आणि घळाघळा रडले. जमीनदारी गेली तेव्हा जो माणूस रडला नव्हता, तो त्या हिरव्या ठिपक्यापुढं रडला.

"असन," आत्याबाई म्हणाल्या. "मीनं तवा पाह्यलाच नाही." त्यांनी पुसून मोर पदरात गुंडाळला आणि आत नेऊन पेटीत ठेवला.

गाडी गोंदियाला गेली. दोन महिन्यांनी तीच गाडी आमच्या अंगणात आली, माझ्या बाळंतपणासाठी. मी अडले होते. डॉक्टरीणबाई वेळेवर पोचल्या म्हणून मी आणि मुलगा दोघंही वाचलो, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं. आत्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. अशा प्रसंगी त्या कधीच येत नसत; विधवा बाईनं पुढं येऊ नये हा तेव्हाचा नियम, आणि तो दुसऱ्यांपेक्षा त्याच जास्त कडक पाळत. मी बाळ मांडीवर घेऊन बसले आणि म्हटलं, "आत्याबाईंचा मोर लागल्याशिवाय माझा मुलगा पाळण्यात जाणार नाही."

एक म्हातारी कानावर हात ठेवून म्हणाली, "अव माय, काय बोलून राहिली हे पोरगी!" आत्याबाई दारापर्यंत आल्या. "येडी झाली का व तू? गेलेल्या लेकराच्या पाळन्याचा मोर कोनी लावते का? अपशकुन होते."

"तो मोर एवढी वर्षं या घराच्या पुढं चालला," मी म्हटलं. मलाही रडू फुटलं होतं. "कुणाला अपशकुन झाला? आणा तो. आणि तुम्हीच बांधायचा. नाहीतर बाळ आणि मी असेच बसून राहू."

बाळानं टाहो फोडला. ओटीवरून मामंजींचा आवाज आला, "बाई, आन व तो मोर." मग त्या गेल्या, पेटी उघडल्याचा आवाज झाला, आणि त्या आल्या. मोराची कडी पूर्वीच मोडली होती. त्याच कोशाच्या दोऱ्यानं त्या मोर पाळण्याच्या साखळीला बांधू लागल्या. तेलानं गुळगुळीत झालेला दोरा निसटे, गाठ बसेना. सुटे, पुन्हा घालत. बायका चुळबुळत होत्या, बाळ रडत होतं. मी म्हटलं, "होऊ द्या सावकाश, आत्याबाई. घाई नाही." असं मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला म्हटलं असेन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग गाठ बसली.

माझी तिन्ही मुलं त्या पाळण्यात वाढली. धाकटी पाळण्यात होती त्या हिवाळ्यात आत्याबाईंनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मोर कुठं हाय व?"

"पाळन्यालेच हाय," मी म्हटलं. तोवर मीही त्यांच्यासारखंच बोलायला लागले होते.

"दोरा जुना झाला असन. पाह्य बरं."

मी उठून पाहून आले. "मजबूत हाय, आत्याबाई."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग राहू दे. आता काढू नोको."