द्वारकेच्या वहीत दोन भाऊ

द्वारकेत देवळाआधी ध्वजा दिसते. स्टेशनाबाहेर रिक्षा वळली, तेव्हा चालकाने न विचारताच बोट वर केले. माझी उमर सुरतेत पॉवरलूमवर गेली, त्यामुळे नजर आधी कापडावरच गेली. बावन्न गजांचे कापड, त्यावर सूर्य-चंद्र, आणि समुद्राचा वारा त्याला क्षणभर सोडत नव्हता.

“दिवसातून पाच वेळा बदलतात,” तो म्हणाला.

“एवढ्या वाऱ्यात कापड टिकतं कसं?”

“टिकतं कुठे काका? म्हणून तर बदलतात.”

मी एकटा आलो होतो. निघताना सून म्हणाली, सोबत कोणाला तरी घ्या. मी म्हणालो, देवाला जातोय, लढाईला नाही. खरे कारण घरात कोणालाच सांगितले नव्हते. ते इथे लिहितो.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी समाजाच्या बसने मी आणि माझे वडील, बापू, द्वारकेला आलो होतो. आम्ही मूळचे शिरपूरकडचे, पोटासाठी सुरतेत लिंबायतला स्थायिक झालेले. आदल्या वर्षी माझा धाकटा भाऊ रघू याने उधन्यातल्या वत्सलाशी लग्न केले होते. ती बौद्ध कुटुंबातली, वडील रेल्वेत. समाजाने रघूशी बोलणे टाकले आणि घरात मीही टाकले. बापू काही बोलत नसत.

द्वारकेत तीर्थपुरोहिताने वही काढली. यात्रेकरूचे गाव, आडनाव, मुलेबाळे सगळे तिच्यात असते, आणि ते घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहायचे अशी तिथली रीत. बापूंना अक्षरओळख नव्हती, म्हणून पेन माझ्या हाती आले. पुरोहिताने विचारले, “मुलगे किती?” बापूंनी दोन बोटे वर केली. समाजाची माणसे माझ्या खांद्यावरून वहीत डोकावत होती. मी लिहिले, ‘पुत्र एक’. खाली बापूंनी अंगठा दिला.

परतल्यावर रघू भेटला. शब्दाने शब्द वाढला, तेव्हा मी त्याला म्हणालो, “बापूंनी वहीतसुद्धा तुझं नाव घालू दिलं नाही.” पुढे बापू गेले, तेव्हा रघू खांदा द्यायला आला नाही. लोक म्हणाले, काय दगडाच्या काळजाचा मुलगा. मीही मान हलवली.

धर्मशाळेत पहिलीच अडचण आली.

“काका, एकला छो?” (एकटेच आहात?) व्यवस्थापकाने विचारले.

“हो.”

“एकला माणसने रूम नथी आपता.” (एकट्या माणसाला खोली देत नाही.)

पूर्वी एखादा एकटा म्हातारा तीर्थाला येऊन जिवंत परत गेला नसेल. नियम उगाच होत नाहीत. मी मुलाला फोन लावून दिला. दोघांचे गुजरातीत बरेच बोलणे झाले. व्यवस्थापकाने हसत फोन परत दिला. “तुमचा मुलगा म्हणतो, घरच्या कपाटाची किल्ली बाबांच्या खिशात राहिलीय, म्हणजे ते परत येणारच.” खिसा चाचपला तर किल्ली खरेच होती. खोली मिळाली.

जेवायला बाजरीचा रोटलो (भाकरी), सेव-टोमॅटोची भाजी, गुळाचा खडा आणि छास (ताक). भाजीवर तेलाचा तवंग होता. खानदेशी जिभेला तक्रार करायला जागा नव्हती.

सकाळी गोमतीच्या घाटावर गेलो. गोमती इथेच समुद्राला मिळते. पाण्याजवळच्या पायरीवर शेवाळ होते; पाय घसरला आणि मी बसलोच. एक काठियावाडी बाई दंडाला धरून उठवत म्हणाली, “धीरे, बापा! भगवान क्यांय भागी नथी जता.” (देव कुठे पळून जात नाही.) माझी एक चप्पल मात्र समुद्राकडे निघून गेली. उरलेली हातात घेऊन छप्पन पायऱ्या चढलो, ती दाराबाहेर ठेवली आणि दर्शन घेतले. मूर्तीसमोर काही मागितले नाही. सगळे लक्ष वहीत होते.

पुरोहित तरुण निघाला; तेव्हाचे पुरोहित त्याचे आजोबा. गाव आणि आडनाव विचारून त्याने लाल कापडात बांधलेली लांबट वही आणली आणि घटकाभरात पान काढले. खरे सांगतो, तीच गोष्ट इतकी वर्षे सांगितल्यावर मलाच कधी कधी वाटू लागले होते की बापूंनी खरेच ‘एक’ म्हटले असेल. पण अक्षर माझे होते. ‘पुत्र एक’. आणि त्याखाली बापूंचा अंगठा, जरासा फिसकटलेला.

“हे खोडायचंय,” मी म्हणालो.

“वहीत खाडाखोड होत नाही, काका. चूक झाली असेल तर खाली नवी ओळ लिहा. तुमच्याच हातानं.”

मी लिहिले : ‘पुत्र दोन. धाकटा रघुनाथ. वडिलांनी दोन सांगितले होते, मी एक लिहिले. दोष माझा.’

त्याने ते वाचले. मग सवयीने म्हणाला, “रघुनाथभाईंची मुलं?”

“एक मुलगी आहे.”

“नाव?”

मला माहीत नव्हते. सख्ख्या पुतणीचे नाव मला माहीत नव्हते. तो म्हणाला, “जागा सोडा. पुढच्या खेपेला लिहा.”

सुरतेला उतरलो आणि घरी न जाता पिशवीसकट गोडादऱ्याला रघूच्या घरी गेलो. पायात द्वारकेच्या बाजारातली नवी चप्पल चावत होती. रघू ओट्यावर बसला होता. त्याचेही केस पांढरे झालेले. मी उभ्यानेच सगळे सांगितले. दारात वत्सला येऊन उभी राहिली होती.

“त्या वहीत माझं नाव असलं काय, नसलं काय,” रघू म्हणाला. “आम्ही ते सगळं कधीच सोडलंय.”

मी मान हलवली. मग त्याने विचारले, “बापूंनी दोन बोटं दाखवली? कोणत्या हाताची?”

“डाव्या. उजव्या हातात काठी होती.”

रघूने स्वतःचा डावा हात वर केला, दोन बोटे धरली आणि त्यांच्याकडे बघत राहिला. मग आमच्या अहिराणीत म्हणाला, “मी त्यासले खांदा नही दिधा, नाना. आनि हाई सांगाले तू इतला दूर गया? मन्हं घर त आठेच व्हतं.” (मी त्यांना खांदा दिला नाही. आणि हे सांगायला तू इतका लांब गेलास? माझं घर तर इथंच होतं.)

लिंबायतहून गोडादऱ्याला पायी वीस मिनिटे लागतात. मी आधी द्वारकेला गेलो, कारण वही उलटून बोलत नाही. यावर मला दुसरे उत्तर सापडलेले नाही.

त्याने माफ केले असे म्हटले नाही, मीही मागितले नाही. निघताना मुलीचे नाव विचारले, तेव्हा रघूने तोंड उघडले, पण वत्सलाने त्याला थांबवले.

“सांगू नका. त्यांना कळायचं असेल तर तिलाच विचारू देत,” ती म्हणाली. “रविवारी येते ती. सकाळीच या, नाहीतर दुपारी परत जाते.”

वहीतली जागा अजून कोरी आहे. आज शनिवार.