टेकाडापलीकडचा हौद

“मग मी काय करू? गंजीवर गोधडी पांघरून शेजारी बसू?” व्हर्लिनने कॉफीचा पेला टेबलावर आपटला. “दोनशे एल्क आहेत, आर्लिस. घोड्याएवढाली दोनशे हरणं! खातात ते खातात, उरलेलं तुडवून त्यावर मुततात. त्या गवताला मग गाई तोंड लावतील?”

“एक दिवस नाही गेलास तर आभाळ कोसळणार नाही,” माझी भावजय चुलीकडे तोंड करूनच म्हणाली.

“कालही हेच म्हणालीस. परवाही हेच.”

“बाबाचं बरोबर आहे, आई.” जॅनाने तव्यावरचा शेवटचा पॅनकेक काट्याने उचलला. “वनखात्याने दहा माद्या मारायचा परवाना दिलाय. तीनच झाल्यात. महिना संपला की परवाना संपला. कळपाला गोळीची भीती वाटली नाही तर तो मार्चपर्यंत इथेच मुक्काम ठोकेल.”

“मग तू जा बंदूक घेऊन.”

“मी? मला बघून एल्क हसून मरतील, हाच काय तो फायदा. आणि ट्रॅक्टर कोण चालवणार, तू?”

व्हर्लिन हसला. मीही हसल्यासारखं केलं. आर्लिस हसली नाही. तिच्या हातातलं उलथणं तव्यावर नुसतंच फिरत होतं. तव्यावर काही नव्हतं.

मी व्हर्लिनची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून याच घरात मागच्या खोलीत राहते. आर्लिस त्याला का अडवते आहे, हे त्या स्वयंपाकघरात तिच्याखेरीज फक्त मला माहीत होतं. आणि मी पॅनकेकवर जॅम लावत बसले होते.

आर्लिस गावातल्या न्हाव्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला गाय कुठल्या बाजूने उठते हेही ठाऊक नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात तिने खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू ओढून काढलं. एकदा बैलाने तिला फाटकाशी दाबलं, तर त्याच्या नाकावर बादली हाणून ती सुटली, घरी आली आणि कपडे धुवायला बसली. संध्याकाळी मोडलेल्या बरगडीबद्दल सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. कुरणाला आग लागली तेव्हा पुरुष पंप शोधत होते आणि ही ओलं पोतं घेऊन धुरात उभी होती. एकेचाळीस वर्षांत ती घाबरलेली मी पाहिली नव्हती. त्यामुळे गेल्या गुरुवारी ती माझ्या दारात आली, तेव्हा आधी मला तिची ओळखच पटेना. ओठ निळे पडलेले, आणि ते थंडीने नव्हते.

“मार्ना, कोट घाल,” एवढंच म्हणाली.

टेकाडापलीकडे गाईंचा पत्र्याचा हौद आहे. रोज सकाळी कोणीतरी कुऱ्हाड घेऊन जातं आणि वरचा बर्फ फोडतं. त्या दिवशी ती गेली होती. हौदाच्या पत्र्याला एक भोक पडलं होतं. करंगळी जाईल एवढं. त्यातून पाणी बाहेर येऊन गोठलं होतं, जाड मेणबत्ती वितळल्यासारखं.

“मी इथे उभी होते,” ती म्हणाली आणि जाऊन उभी राहिली. भोक तिच्या मांडीपासून हातभर लांब होतं. “आधी पत्रा वाजला, मग बार ऐकू आला.”

आमच्या घरात बंदुकीचा एकच नियम. जनावराच्या पाठीमागे माती दिसली तर चाप ओढायचा, आभाळ दिसलं तर नाही. टेकाडाच्या धारेवर उभ्या एल्कवर झाडलेली गोळी चुकली, तर ती कुठे जाऊन पडेल ते देवालाच माहीत. लहानपणी यावरून व्हर्लिनने वडिलांची थप्पड खाल्ली होती. पुढे खोऱ्यातल्या निम्म्या पोरांना हाच नियम त्याने शिकवला. तो हे विसरणं शक्यच नव्हतं.

पण गुरुवारी आभाळ उतरलेलं होतं. बर्फ पांढरा, आभाळ पांढरं. मला दोन्हींमधली रेघ दिसत होती. त्याला दिसली नव्हती. घरी आला तेव्हा “चुकली, मादी उतारावर होती” म्हणाला, आणि दोनदा सूप मागून घेतलं.

“त्याला सांगणार का?” हौदाशीच मी तिला विचारलं होतं.

“सांगते आणि काय होतं ते बघते?” तिने भोकात चिंधी कोंबली. “तुझ्या वडिलांच्या हातून गाडी काढून घेतली, आठवतं? खुर्चीत बसले ते बसलेच. किती दिवस टिकले?”

एक हिवाळा. मला आठवत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव तिने नोव्हेंबरातच काढलं होतं. “मला एल्क बघायचे असतात, सुईत दोरा ओवायचा नसतो,” म्हणून व्हर्लिनने उडवून लावलं होतं. मग शनिवारी तिने तिची तांबडी शाल अंगणातल्या कुंपणाच्या खांबाला गुंडाळली, आणि व्हर्लिनला खिडकीशी बोलावून सहज विचारावं तसं विचारलं, “ते काय रे तिकडे?”

त्याने डोळे बारीक केले. “मार्ना दिसते. एवढ्या थंडीत काय करते ती तिथे?”

मी त्याच्या मागे, पायरीवर उभी होते.

तेव्हापासून आम्ही दोघी त्याची पावलं मोजत होतो. तो कोट घालायला उठला की आर्लिस मोठ्याने विचारायची, “जॅना कुठे आहे?” गाईंना चारा घालायला निघालेल्या पोरीला ती शिकारीच्या वेळचं भडक नारिंगी जाकीट घालायला लावायची. “आपल्याच शेतात जाकीट कशाला? मी काय शिंगं फुटल्यासारखी दिसते का?” म्हणून जॅना चिडायची. रविवारी चर्चमध्ये मी प्रार्थनेला डोळे मिटले, तर समोर भोक दिसलं.

तर त्या सकाळी भांडून व्हर्लिन गेलाच. दार आपटलं नाही त्याने. जाताना आर्लिसच्या वेणीला हळूच हिसका दिला, तरुणपणी द्यायचा तसा. “म्हातारी झालीस,” म्हणाला.

“जॅना, तो परत येईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही,” आर्लिस म्हणाली.

“का?”

“मी सांगते म्हणून.”

“आई, मी चौतीस वर्षांची आहे.”

“मग चौतीस वर्षांच्या बाईने बटाटे सोलावेत.”

जॅनाने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या आणि बटाटे ओढले. आर्लिस भांडी घासू लागली. घासलेलीच पुन्हा घासत होती. मी तळघरात कांदे आणायला गेले. पाचेक मिनिटं लागली असतील. वर आले तर टेबलावर बटाटे होते, सुरी होती, जॅना नव्हती.

“कुठे गेली?”

आर्लिस वळली. मागचं दार नीट लागलेलं नव्हतं. खुंटीवर नारिंगी जाकीट होतं. तपकिरी कोट नव्हता.

तेवढ्यात बार झाला.

एकच. खोऱ्यात तो घुमून परत आला. आर्लिसच्या हातातून कढई सुटली. ती तशीच ओल्या हातांनी, पायात सपाता, बर्फातून धावत सुटली. मी तिच्या मागे. तिला हाक मारता येत नव्हती. मीच ओरडले, “जॅना! जॅना!”

“काय आहे?” गोठ्याच्या आडून जॅनाने डोकं बाहेर काढलं. “त्या पहिलटकरीण गाईला कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या, म्हणून बघायला आले. आई! सपाता घालून? वेड लागलंय का?”

आर्लिस गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पोरीला जवळ घेतलं नाही, रागावली नाही. तिच्या कोटाची वरची दोन बटणं तेवढी लावून दिली.

खालून गाडीचा भोंगा दोनदा वाजला. म्हणजे जनावर पडलं, ट्रॅक्टर आणा.

गोळी अगदी जागच्या जागी लागली होती. गंजीपासून साठ पावलांवर, मागे उंच बांध. जाडजूड मादी, पाऊलभरही पळालेली नव्हती. व्हर्लिन तिच्याशेजारी उभा होता, आणि मला तो एकदम तिशीतला वाटला. दुपारी जेवताना तो तेच तेच तीनदा सांगत होता.

“उद्या पहाटे परत. हात बसलाय आता. आणि तू म्हणत होतीस, जाऊ नकोस!”

आर्लिसने त्याच्या ताटात बटाटे वाढले. मी तिच्याकडे बघत होते. सकाळी तिच्या चेहऱ्यावर निदान रंग येत-जात होता. आता काहीच नव्हतं. तो चुकला असता तर बरं झालं असतं, हे मला तेव्हा कळलं. तिला ते भोंगा वाजला तेव्हाच कळलं असणार.

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“मला आता होत नाही,” ती म्हणाली.

“काय होत नाही?” व्हर्लिनचा काटा थांबला.

“एवढ्या गाई. बर्फ फोडायचा, चारा ओढायचा. पाठ गेली माझी. गुडघे गेले.”

हे वाक्य त्या घरात कोणी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. व्हर्लिनने काटा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. “आर्लिस? दुखतंय का कुठे? डॉक्टरकडे जाऊ या का?”

“जाऊ. दोघंही जाऊ. तुझे डोळेही दाखवू. एका खेपेत होईल.”

“आई, चारा मी घालते की,” जॅना म्हणाली. “तू घरात बस ना. गाई कशाला...”

“मी गुरांच्या दलालाला फोन केलाय,” आर्लिस म्हणाली. आवाज भाजीला मीठ कमी आहे हे सांगावं इतका सपाट होता. “मंगळवारी ट्रक येतोय. चाळीस गाई जातील. उरलेल्यांना गोठ्यामागचा चारा पुरतो. खालची गंजी एल्कांनी खाल्ली तरी चालेल. परवाना मी आज दुपारी परत देऊन येते.”