शोकेससाठी एक ब्लॉक

वही ठेवली होती ती क्यूरिंगच्या, म्हणजे काँक्रीट पाण्यात मुरवायच्या टाकीचं तापमान लिहायला. पण प्रयोगशाळेत माणसंही असतात आणि माणसं बोलतात. मग आकडे राहतात मध्ये, आणि समासात किस्से साठत जातात.

आमचं काम थोडक्यात असं: कारखान्यांचा विषारी गाळ घ्यायचा, त्यात वीजघराची राख, पोलादाच्या भट्टीतली मळी म्हणजे स्लॅग आणि थोडं सिमेंट घालून काँक्रीटचे ब्लॉक पाडायचे. विष आतच बांधलं गेलं पाहिजे, पाण्यात उतरता कामा नये. पास झालेले ब्लॉक मानपुरकडे एका खड्ड्यात पुरतात. आमचा मिक्सर चालवणाऱ्या पवारजींच्या मुलीचं सासर त्याच उताराखाली आहे. पिण्याचं पाणी घरच्या विहिरीचं.

*

राखेचा पहिला ट्रक आला तेव्हा पवारजी मला म्हणाले, "वीजघराला राख नको, भट्टीला स्लॅग नको, फॅक्टरीला गाळ नको. सगळे नकोसे इथेच. म्हणून तर भिया, आपली पोस्टिंगपण इथेच!"

*

पाहणीला एक मोठे साहेब आले. रिपोर्ट वाचला, "व्हेरी सेफ" म्हणाले, पोहे-जिलेबी खाल्ली. पवारजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"माझी बाटली गाडीत आहे," साहेब म्हणाले.

पवारजींनी तो ग्लास त्यांच्यासमोरच पिऊन टाकला.

*

एकदा चाचणीसाठी पाण्यात ठेवलेला ब्लॉक चौथ्या दिवशी तडकला. त्या खेपेच्या गाळात तेल जास्त आलं होतं. आमचे प्रमुख देवधर सर, पुण्याहून आलेला शांत माणूस. म्हणाले, "रिपीट करा."

"सर, खड्ड्यातला तडकला तर रिपीट कुठे करायचा?" पवारजींनी विचारलं.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, "जो ब्लॉक मी स्वतःच्या घरात ठेवणार नाही, तो या गेटबाहेर जाणार नाही."

पवारजींनी ते वाक्य मला वहीत लिहायला लावलं. तारखेसकट.

*

सर रिटायर झाले. शनिवारी निरोप समारंभ होता. पवारजींनी पास झालेल्या बॅचमधला एक छोटा ब्लॉक घासून गुळगुळीत केला, त्यावर सरांचं नाव रंगवलं. सरांनी तो कपाळाला लावला. "शोकेसमध्ये ठेवीन," म्हणाले.

पवारजी कोपऱ्यात जाऊन मुलीला फोनवर सांगत होते, "अगं, आमचे सर स्वतः ब्लॉक घरी नेतायत. बस, आता टेन्शन नाही घ्यायचं."

सोमवारी सकाळी मी तापमान घ्यायला गेलो. टाकीशेजारच्या फळीवर काचेची नवी बरणी होती. आत पाणी, पाण्यात तो ब्लॉक, नाव वरच्या बाजूला. बरणीवर सरांच्या अक्षरात चिठ्ठी: "दर सोमवारी पाणी तपासणे."

पवारजींना दिसू नये म्हणून मी बरणी झाकायला फडकं शोधत होतो, तेवढ्यात पवारजी मागे येऊन उभे राहिले. त्यांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग नमुन्याची एक रिकामी बाटली उचलून माझ्या हातात दिली.

"आज सोमवारच आहे," ते म्हणाले.