पुलावरचा ठोकळा

आमचा मामा लढाईवर कधी गेला नाही, पण त्याच्या हातून जेवढी माणसं गेली तेवढी भल्याभल्या सेनापतींच्या हातून गेली नसतील. हे त्याचंच वाक्य. पूर्वी तो ते हसत म्हणायचा.

तो लष्करी शाळेत कामाला होता. तिथे एका लांबलचक खोलीत चार पलंगांएवढं टेबल होतं, टेबलावर नकाशा आणि नकाशावर निळे-लाल लाकडी ठोकळे. एक ठोकळा म्हणजे एक तुकडी, आणि प्रत्येकावर खऱ्या तुकडीचा क्रमांक रंगवलेला. तरुण अधिकारी दोन्ही बाजूंना उभे राहून लढाई खेळायचे. मामाने खोली झाडायची, ठोकळे मांडायचे आणि फासा टाकायचा. अधिकाऱ्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून फासा तिऱ्हाइताने टाकायचा असा तिथला जुना रिवाज. एक किंवा दोन पडलं की तुकडी गारद. तीन-चारला माघार. पाच-सहाला तुकडी टिकली.

तिथले मोठे साहेब दर वर्षी नव्या अधिकाऱ्यांना तेच भाषण द्यायचे, आणि मामाला ते तोंडपाठ झालं होतं. आधी माणसांनी लढाया बघून पटावरचे खेळ केले, राजा, हत्ती, घोडे, प्यादी. मग राजांची मुलं ते खेळ खेळून लढाई शिकली. आणि आता टेबलावर खेळून बघितल्याशिवाय कोणी तोफ हलवत नाही. मग खेळ नेमका संपतो कुठे, असं साहेब शेवटी विचारायचे.

मी लहानपणापासून मामाकडेच वाढले. त्याचा डबा घेऊन मीच जायची. एकदा खेळ संपल्यावर तो गारद झालेले ठोकळे पेटीत ठेवत होता. खेळणी भरतात तसे नव्हेत, तर शेजारी शेजारी, क्रमांक वर करून, आणि वरून मऊ फडकं. असं का, म्हणून मी विचारलं.

"तोंड वर असू दे," तो म्हणाला. "श्वास कोंडतो."

मी तेव्हा हसले खरी, पण त्यानंतर त्या खोलीत एकटी कधी गेले नाही.

घरात मात्र फाशाला बंदी. दादा, म्हणजे मामाचा मुलगा, आणि मी चिठ्ठ्या उचलून सोंगट्या हलवायचो आणि तरीही मारामारीपर्यंत जायचो. दादा पक्का लबाड होता. सहाची चिठ्ठी दुमडून ओळखीची करून ठेवायचा, आणि पकडला की मामीच्या पदराआड. मामी त्याचीच बाजू घ्यायची. पोटचा गोळा, दुसरं काय.

तोच दादा मोठा होऊन सैन्यात भरती झाला. काही महिन्यांनी शाळेत नवे ठोकळे आले, आणि त्यातल्या एकावर दादाच्या तुकडीचा क्रमांक मामानेच रंगवला. मग एक दिवस जेवताना त्याने सांगितलं, की उद्याच्या खेळात नदी आहे, नदीवर पूल आहे, आणि पुलावर तो ठोकळा आहे.

मामीने हातातला घास खाली ठेवला. मामाला काय येतं ते तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं फासा टाकून त्याला सहा वर धरून बोटांवरून नुसता घसरवायची युक्ती जमली होती. फासा गिरक्या घेतोय असं वाटायचं, पण उलटायचा नाही. मला त्याने ती गंमत म्हणून दाखवली होती, आणि कामावर कधीच करत नाही अशी शपथही घेतली होती.

"अहो, हात तुमचाच आहे ना?" मामी म्हणाली. "मग माझ्या पोराला कशाला मारता?"

"लाकूड आहे ते," मामा म्हणाला.

"असेना."

दुसऱ्या दिवशी मामाने सहा पाडलं. समोरून तिप्पट फौज आली तरी पूल टिकला. अधिकाऱ्यांना खरं वाटेना, त्यांनी पुन्हा मांडलं, पुन्हा सहा. परत मांडलं, तेच. शेवटी साहेबांनी निष्कर्ष काढला की हा पूल राखायला एक तुकडी पुरते. त्या संध्याकाळी मामीने गोडाचं केलं, आणि आम्ही तिघांनी ते मिटक्या मारत खाल्लं.

त्याच हिवाळ्यात खरी लढाई पेटली. खरी नदी, खरा पूल. तिथे एकच तुकडी ठेवली, मागे कुमक नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच पक्कं बसलेलं. पूल गेला, तुकडी गेली. दादाचं काहीच हाती लागलं नाही. बेपत्ता, एवढंच कळवलं.

साहेब स्वतः घरी आले होते. बिचारे खरोखर चक्रावलेले दिसत होते. "टेबलावर तर टिकला होता हो," असं ते दोनदा म्हणाले. मामाने मामीकडे पाहिलं. मामी फरशीकडे बघत राहिली. त्यावर दोघं पुढे कधी बोलली नाहीत, आणि मला दोघांचा इतका राग आला होता की मीही विषय काढला नाही.

निवृत्त होताना मामाने दादाच्या तुकडीचा तो ठोकळा आणि फासा मागून घेतले. तेव्हापासून आमच्या घरी रोज जेवणाआधी तो ठोकळा समोर ठेवून फासा पडतो. मामी आतून विचारते, किती. मामा सांगतो, सहा. मग ती चार ताटं घेते. आम्ही माणसं तीन.

कितीतरी दिवस मी समजत होते की म्हातारा बायकोचं मन राखायला हातचलाखी करतोय. एकदा त्याला तसं तोंडावर म्हटलंही. त्याने हात पुढे केला. तो हात आता इतका कापतो की चहाची बशी धरवत नाही.

"तेव्हा मी पाडायचो," तो म्हणाला. "आता मी काही करत नाही. आपोआप पडतं."

आणि त्याने माझ्यासमोर टाकला. फासा हातातून निसटला, भिंतीवर आपटला, खुर्चीखाली गडगडत गेला. मी वाकून पाहिलं. सहा. तेव्हापासून, खोटं कशाला बोलू, जेवताना माझंही लक्ष दाराकडे असतं.

परवा मामा तापाने फणफणला होता. हात पांघरुणाबाहेर काढवेना. आज तू टाक, म्हणाला. मला नको होतं, पण आत मामी भांड्यांचा आवाज थांबवून वाट बघत होती. मी टाकला. फासा थोडासाच फिरला आणि ठोकळ्याला टेकून थांबला.

एक पडलं होतं.

मामाने मान उचलून पाहिलं. मग कापरा हात कसाबसा बाहेर काढून त्याने तो ठोकळा तळव्याखाली झाकला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

"किती पडलं गं?" मामीने आतून विचारलं.

"सहा," मी म्हणाले.

आत ताटं मांडल्याचा आवाज आला. चार.