नको म्हणणारा हात

'शैलजाताई नामस्मरण ऐकत शांतपणे गेल्या.' आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा निरोप आला तेव्हा मी घरासमोर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. काकू जाणार हे ठाऊक होतं, आदल्या दुपारी मी त्यांच्या उशाशीच बसले होते. रडू यायला हवं होतं, आला तो संताप. पाच आठवडे झाले तरी तो उतरत नाही. शांतपणे म्हणे...

शैलजाकाकू अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावातल्या जुन्या मराठी मंडळींपैकी. काका गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होते. ते गेले आणि पाठोपाठ काकूंची नजर गेली. कडेकडेचं दिसायचं, पण समोरच्याचा चेहरा पुसून टाकल्यासारखा. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. मुलगा समीर जर्सी सिटीत, म्हणून डॉक्टरकडे मी ड्राइव्ह करायची. पहिल्या खेपेला त्या फार घाबरल्या होत्या. त्यांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून मी लायब्ररीच्या अॅपवर हाताला लागलं ते ऑडिओबुक लावलं. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी प्रेमकादंबरी होती ती. बग्ग्या, नाच, आखडू श्रीमंत नायक आणि त्याला भीक न घालणारी नायिका. परतताना काकू इंजेक्शनबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "लाव गं पुढचं."

मग तेच वेड लागलं. ही कादंबरी लोकांनी किती तऱ्हांनी पुन्हा सांगून ठेवलीय, मला कल्पनाच नव्हती. एकीत गोष्ट नायकाच्या बाजूने, एकीत सगळे टेक्सासातल्या रँचवर. काकूंना सगळ्या हव्या असत. माझ्याच लायब्ररी कार्डावर त्या वेटिंग लिस्टला नंबर लावायला लावत. पुस्तक वाचून दाखवणाऱ्यांच्या आवाजांना नावं ठेवण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. एका नायकाला कायमची सर्दी झाली होती, दुसरा प्रेमात पडला की बँकेतल्या क्लार्कसारखा बोलायचा. पण नायक मागणी घालतो आणि नायिका त्याला ठणठणीत नाही म्हणते तो प्रसंग आला, की गाडी बाजूला घ्यावी लागे. दवाखान्याच्या दारात पोचलेलो असलो तरी उतरायचं नाही. दोनदा तर अपॉइंटमेंट चुकली, मी चिडले, त्यांनी पर्समधला शेंगदाण्याचा लाडू माझ्या हातावर ठेवला आणि माझं तोंड बंद केलं.

मंडळातल्या बायका हसायच्या. या वयात काय हे, काकू, काहीतरी देवाधर्माचं ऐका. काकू तिथे गालात हसून सोडून देत. गाडीत मात्र एकदा म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नव्हतं गं. बैठकीतून वडील आत आले आणि आईला म्हणाले, जमलं. तुझे काका माणूस चांगले होते, त्याचं काही नाही. पण ही पोरगी नको म्हणते, आणि तो एवढा मोठा माणूस ते ऐकून घेऊन खोलीबाहेर जातो. ते ऐकताना मला फार बरं वाटतं." मी वायपर चालू केले, पाऊस नव्हता तरी.

शेवटी हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी हात टेकले, घरीच पलंग मांडला. तेव्हा एक नवं ऑडिओबुक चालू होतं, नायिकेच्या बिनलग्नाच्या आत्याने सांगितलेलं. नाचाच्या वेळी कोपऱ्यात बसून सगळं पाहणारी आत्या. या आत्याचं पुढे काय होतं, याचा काकूंनी ध्यास घेतला होता. तीन प्रकरणं उरली होती. त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं, की शुद्ध असो नसो, ती तीन ऐकवायची. मी हो म्हटलं. हो म्हटलं होतं मी.

त्या दुपारी मी त्यांच्या उशाशी छोटा स्पीकर ठेवला आणि आत्या बोलू लागली. तेवढ्यात समीर एअरपोर्टवरून आला, मागोमाग मंडळातल्या तीन बायका. समीर दमलेला, घाबरलेला. इंग्रजीतलं बाईमाणसाचं लाडिक बोलणं ऐकून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काही अभद्र केलंय. म्हणाला, "हे काय आता? प्लीज, काहीतरी चांगलं लाव." एका बाईंनी तत्परतेने आपला फोन जोडून नामजप लावला आणि स्पीकर काकूंच्या कानाशी सरकवला. काकूंचा उजवा हात उठला. त्यांनी तो स्पीकर ढकलला. एकदा, मग पुन्हा. बाई गहिवरून म्हणाल्या, बघा, हात जोडायला बघताहेत. समीरने तो हात धरला, डाव्या हाताला जोडला आणि रडायला लागला.

आणि मी? त्या हाताचा अर्थ त्या खोलीत फक्त मला कळत होता. मिटिंगांमध्ये गोऱ्या साहेबांशी भांडणारी मी, तिथे दातखीळ बसल्यासारखी गप्प. मुलगा आहे तो, आपण कोण, लोक काय म्हणतील... शी. मी पर्स उचलली आणि घरी आले. समीरवरचा राग कमी होईल एखाद दिवशी, त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. शोकसभेत सगळे त्यांच्या भक्तीबद्दल बोलले, तेव्हाही मी खुर्चीत बसून राहिले. म्हणून आज इथे लिहितेय. काकू हात जोडत नव्हत्या. नको म्हणत होत्या.

आत्याचं पुस्तक मुदत संपून आपोआप परत गेलं, शेवट मीही ऐकलेला नाही. परवा ऑफिसातून निघताना फोनवर लायब्ररीचा मेसेज आला, आणखी एका ऑडिओबुकसाठी काकूंनी लावलेला नंबर लागला होता. मी घरी न जाता डोळ्यांच्या दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गेले, इंजिन चालू ठेवून ते पुस्तक लावलं. शेजारच्या सीटच्या फटीत लाडवाचा चुरा अजून आहे, मी व्हॅक्यूम केलेला नाही. तो प्रसंग आला. नायिका नको म्हणाली. आणि तो दोनशे वर्षांपूर्वीचा आखडू माणूस ते ऐकून घेऊन खोलीबाहेर गेला. आम्ही पाच जण मात्र काकूंच्या खोलीत तसेच उभे होतो.